म्हसोबाची वहिवाट

सायली : बॅगेच्या आतल्या कप्प्यात होता, आप्पा. मी स्वतः ठेवला होता. पासपोर्टला काय पाय फुटले?

जयसिंग : आवाज खाली. वर भाडेकरू राहत्यात.

सायली : ऐकू देत. सगळ्या नांदे गावाला ऐकू दे. जयसिंगरावांनी पोरीच्या बॅगेत हात घातला. चोरासारखा.

जयसिंग : बापाला चोर म्हनतीस? घर माझं, पोरगी माझी, बॅग मी घेतलेली. आन् चोर मी?

सायली : उद्या पहाटे मला मुंबईच्या विमानतळाकडे निघायचंय. सोमवारी कॉलेज सुरू. चौथं वर्ष आहे माझं, आप्पा. पासपोर्ट द्या.

जयसिंग : न्हाई देनार.

सायली : का?

जयसिंग : सांगितलं ना येकदा. तितं युद्ध व्हनार हाय. टीव्हीवर नकाशा दाखवत व्हते. त्या तुमच्या कालिनिनग्राडला लाल गोल केला व्हता. पहिला बाँब तितंच पडनार म्हनं.

सायली : तो टीव्हीवाला रोज कुठं ना कुठं गोल करतो. गेल्या आठवड्यात त्यानं पुण्याभोवती केला होता, तेव्हा तुम्ही वडापाव खात बसला होतात.

जयसिंग : थट्टा करू नगंस. मी गुरुजींना बोलावलंय. भूगोल शिकवलाय त्यांनी जलमभर. त्यांचं तरी ऐकशील.

शरदचंद्र : आलोच आहे, जयसिंगराव. जिन्यात थांबलो होतो. म्हटलं, जरा शांत झालं की आत यावं. पण तसं काही दिसेना.

जयसिंग : या, या. बसा. ही सायली, माझी थोरली. रशियात डाक्टरकी शिकती. तुमी आमच्याकडं राहाय आल्यापासनं ती तितंच हाय, म्हनून वळख न्हाई झाली.

शरदचंद्र : ओळख आहे. चौकात फ्लेक्स होता ना, ‘भावी डॉक्टर’. लातूरहून मुलाकडे राहायला आलो तेव्हा पहिलं तेच वाचलं.

सायली : त्या फ्लेक्सवर माझ्यापेक्षा यांचा फोटो मोठा होता, सर.

जयसिंग : बगा. हे असं तोंड चालतंय. गुरुजी, तुमी हिला फक्त येवढंच सांगा, की ते ठिकान धोक्याचं हाय. बास. मंग मी गप बसतो.

शरदचंद्र : हो, धोक्याचं आहे.

जयसिंग : ऐकलंस?

शरदचंद्र : पण एवढंच सांगितलं तर अर्धाच धडा होईल. मला अर्धा धडा शिकवता येत नाही, ती माझी खोड आहे. सायली, तूच सांग, तुझं गाव आहे कसं?

सायली : गाव कसलं, मोठं शहर आहे, आणि भोवती त्यांचाच थोडा मुलूख. रशियाचा आहे, पण रशियाला कुठेच चिकटलेला नाही. वर लिथुआनिया, खाली पोलंड, एका अंगाला समुद्र.

जयसिंग : मंग रशिया तितं गेलाच कशाला मरायला?

शरदचंद्र : गेला नाही, राहिला. दुसऱ्या महायुद्धात तो भाग जर्मनीकडून सोविएत संघानं घेतला. त्या वेळी लिथुआनिया सोविएत संघातच होता. पोलंडही त्यांच्याच गोटातला. म्हणजे आजूबाजूला सगळं घरचंच. येणंजाणं कुणी अडवत नव्हतं. पुढं घर फुटलं. वाटण्या झाल्या. एकेक जण वेगळा निघाला, दुसऱ्या गोटात गेला. आणि हा तुकडा मधेच राहिला.

जयसिंग : हं.

सायली : काय झालं, आप्पा?

जयसिंग : कुटं काय.

सायली : तुम्ही ‘हं’ म्हणालात.

जयसिंग : म्हनलो. बोलायची बी चोरी हाय का?

सायली : सर, तुम्हाला ‘हं’ कशाचं ते सांगते. आमच्या शेजारच्या त्या चार टॉवरांच्या मधे आमचा अकरा गुंठ्यांचा तुकडा आहे. विहीर आहे आणि आमचा म्हसोबा आहे. काकांनी विकलं, चुलत आजोबांनी विकलं, आप्पांनीही बाकीचं विकलं. एवढं ठेवलं.

जयसिंग : म्हसोबा विकायचा असतोय व्हय?

सायली : आता तिथं जायची वाट सोसायटीच्या गेटमधून. वहिवाट बिल्डरनं तोंडी दिलेली. बिल्डर गेला, सोसायटी आली. सोसायटी म्हणते, मोबाईलवर परवानगी घ्या, मग आत या. आणि आप्पा म्हणतात—

जयसिंग : म्हननारच! माझ्या आज्यानं खांदलेली हीर. तितं जायला कोन कुटला वाचमन मला इचारनार, ‘कुनाकडं आलाय?’ मी ग्रामसभेत बोललोय, सगळ्यांच्या देखत बोललोय, परवानगी घिऊन मी माझ्या देवाला जायाचा न्हाई. मेलो तरी न्हाई.

शरदचंद्र : मग जाता कसे?

जयसिंग : पाठीमागच्या ओढ्यातनं.

शरदचंद्र : तिथंही तसंच आहे. मॉस्कोहून आगगाडी येते, ती लिथुआनियातून जाते. त्या देशात उतरायचं नाही, चढायचं नाही. आणि विमानं—

सायली : विमान युरोपच्या हद्दीवरून जात नाही आता. समुद्रावरून लांबचा वळसा घालतं. तोच आमचा ओढा.

जयसिंग : बास! माझा तुकडा आन् त्यांचा तुकडा येक करू नगा. मी काय तितं तोफा लावल्यात?

सायली : जेसीबी लावलाय.

शरदचंद्र : जेसीबी?

सायली : तुमच्या खिडकीतून पिवळं दिसतं ना झाडांच्या मागं, तो. सोसायटीची मैलापाण्याची लाईन आमच्या बांधाखालून जाते. जेसीबी बरोबर तिच्यावर उभा केलाय, बादली खाली करून. शिवाय काटेरी तार. दोन कुत्री. आणि माझा चुलतभाऊ शंभू पत्र्याच्या खोलीत राहायला. त्याचा डबा भिंतीवरून दोरीनं आत सोडायचा.

जयसिंग : मंग काय हात जोडून बसू? त्यांची चार टावर, लिफ्टा, वकील. माझ्याकडं काय हाय? आता बगा कसं, चेअरमन समोर आला की आदी नमस्कार करतोय. जेसीबी आल्यापासनंच करतोय.

शरदचंद्र : जयसिंगराव, कालिनिनग्राडचं महत्त्व मी शाळेत असतो तर फळाभर लिहिलं असतं. तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत.

जयसिंग : टोमना मारताय का?

शरदचंद्र : नाही हो. तिथं रशियाचं आरमार आहे. हिवाळ्यात न गोठणारं बंदर आहे. क्षेपणास्त्रं आहेत, आणि तिथून युरोपातल्या मोठ्या शहरांचं अंतर फारसं नाही. आणखी एक गोष्ट आहे. जरा ती तांब्याभांडी इकडं सरकवू का? हा तांब्या कालिनिनग्राड. हा पेला बेलारूस, रशियाचा दोस्त. मधे ही बोटभर फट. ही पोलंड आणि लिथुआनियाची सरहद्द. वर हे तीन छोटे देश, युरोपातल्या त्यांच्या दोस्तांकडे जमिनीवरून जायची त्यांची वाट एवढीच. तांब्या आणि पेला एकमेकांना भिडले, तर?

जयसिंग : वरची तिगं अडाकली.

शरदचंद्र : अडकली. म्हणजे ज्याला चहूबाजूंनी वेढलंय, तोच दुसऱ्यांना वेढू शकतो. म्हणून त्याला सगळे भितात, आणि तो सगळ्यांना भितो. दोघंही भितात म्हणून दोघंही आणखी हत्यारं आणतात.

जयसिंग : मंग? मी काय येगळं बोलत व्हतो? अशा ठिकानी माझी पोरगी! पासपोर्ट न्हाई मिळायचा. संपला इषय.

सायली : संपला कसा? कॉलेज मधेच बदलता येत नाही, सरकारचा नियम आहे. सुरू केलं तिथंच पूर्ण करायचं, नाहीतर इथली परीक्षा देता येत नाही. तीन वर्षं पाण्यात. मग मी काय करू? तुमच्या भाडेकरूंच्या पाण्याच्या टाक्या भरत बसू?

जयसिंग : जिती तर राहशील!

सायली : तुम्हीच पाठवलंत ना! एजंटनं बर्फाचे फोटो दाखवले, तुम्ही पेढे वाटलेत. मी विचारलं होतं, आप्पा, हे रशियापासून तुटलेलं का दिसतंय नकाशावर? तुम्ही म्हणालात, नकाशात असंच असतंय.

जयसिंग : मला काय म्हाईत व्हतं? गायरान हाय का रान हाय, येवढं मला कळतं. रशियाचा सातबारा मी बगितला न्हवता!

शरदचंद्र : एक विचारू? दोघांनाही विचारणार आहे. आधी तुम्हाला. जयसिंगराव, तुम्ही तो जेसीबी चालवणार आहात का?

जयसिंग : येडा हाय का मी? लाईन फुटली तर मैला पयला माझ्याच हिरीत येनार. पोलीस मला नेनार. देवाच्या अंगावर घान उडनार.

शरदचंद्र : मग ठेवलाय कशाला?

जयसिंग : भ्या वाटावं म्हनून.

शरदचंद्र : तिथंही बहुतेक तेवढ्यासाठीच.

जयसिंग : बहुतेक?

शरदचंद्र : बहुतेक. याहून पक्का शब्द माझ्याकडे नाही. असता तर दिला असता.

जयसिंग : तेच तर! त्या ‘बहुतेक’वर पोरगी सोडू?

सायली : आप्पा, पाडव्याला तुम्ही इंजिन चालू केलं होतं.

जयसिंग : कोन म्हनलं?

सायली : शंभूनं फोन केला होता मला, तिकडं. रडत होता. म्हणाला, काका चावी फिरवून बसलेत, ऐकत नाहीत.

जयसिंग : गुढी उभारायला गेलतो. ओढ्याकडंच्या वाटंवर बी त्यांनी पत्रा मारला व्हता, तो उचकटून आत गेलो. कपाळच उठलं माझं.

सायली : आणि?

जयसिंग : आन् काय. बंद केलं.

सायली : का बंद केलंत?

जयसिंग : तुला काय करायचंय?

सायली : मला तेच करायचंय. शंभूला ते सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

जयसिंग : ... बादली उचलली जरा. वर बालकनीत येक पोरगं व्हतं, चड्डी घातलेलं. जेसीबी हलला तसं टाळ्या वाजवाय लागलं. ‘काका, अजून! काका, अजून!’ आता त्येला काय सांगू मी खाली काय खांदतोय?

शरदचंद्र : नाही सांगता येत.

जयसिंग : बंद केलं आन् बसलो तितंच. गुरुजी, मला काय टीव्हीवर बगून भ्या वाटत न्हाई. माझं मलाच म्हाईत हाय की चावी फिराय किती येळ लागतोय. माझं डोकं फिरलं, तसं तितल्या येकाद्याचं फिरलं तर? त्याच्या समोर कुटलं पोरगं टाळ्या वाजवनार हाय?

सायली : मी आहे की, आप्पा. आम्ही आहोत तिथं. तिथंही बाल्कन्या आहेत. बायका कपडे वाळत घालतात. आमच्या हॉस्टेलसमोर एक आजोबा रोज मांजरांना मासे टाकतात. टीव्हीवाला लाल गोल काढतो, त्याच्या आत हे सगळे राहतात.

जयसिंग : बालकनीत हुभं राहून बाँब थांबत न्हाईत, सायले.

सायली : माहीत आहे मला.

शरदचंद्र : आता तुझी पाळी. तुला भीती वाटते का?

सायली : नाही.

शरदचंद्र : मी परीक्षा घेत नाहीये, बाळ.

सायली : ... वाटते. फोनवरचा नकाशा कधी कधी भलतीकडेच दाखवतो, सिग्नल गडबडवतात म्हणून. ते जमून जातं. पण मागच्या वर्षी भोंगे वाजले. सगळ्या शहरात एकदम. आम्ही मुली जिन्याखाली जाऊन बसलो, हात धरून. मग हॉस्टेलची बाई आली आणि हसायलाच लागली. भोंग्यांची चाचणी होती. दारावर सूचना लावली होती, आम्ही वाचलीच नव्हती. तिनं चहा करून दिला.

जयसिंग : हे मला सांगितलं न्हाईस.

सायली : सांगितलं असतं तर पासपोर्ट तेव्हाच गायब झाला असता.

जयसिंग : खोटारडी! दर ऐतवारी इचारतो, ‘बरं हाय का?’ तर, ‘बरं हाय आप्पा, बर्फ पडलाय आप्पा.’

सायली : आणि तुम्ही? ‘बरं हाय, भेंडी लावलीया.’ इंजिन चालू केलेलं सांगितलंत मला?

शरदचंद्र : चला, इथंही दोन देश आहेत म्हणायचे. दोघंही एकमेकांना खरी बातमी देत नाहीत. सायली, अजून एकच प्रश्न. आपल्या वकिलातीनं उद्या कळवलं, बाहेर पडा. आणि परवा तुझा पेपर आहे. काय करशील?

जयसिंग : पेपर देनार ती. मला म्हाईत हाय. माझीच पोरगी हाय.

सायली : येईन.

जयसिंग : पेपर सोडून?

सायली : पेपर सोडून, बॅग सोडून. येईन. भोंगे वाजले तरी सांगेन, मांजर मेलं तरी सांगेन. पण तुम्ही लपवून ठेवायचं नाही, काहीच. पासपोर्ट नाही आणि दुसरंही नाही. कबूल?

जयसिंग : ... कबूल.

सायली : मग द्या.

जयसिंग : हितं न्हाई तो.

सायली : म्हणजे? कुठं आहे?

जयसिंग : म्हसोबापुढं ठिवलाय.

सायली : आप्पा!

जयसिंग : वरडू नगंस. पलास्टिकच्या पिशवीत बांधून, शेंदराच्या डब्याखाली ठिवलाय. भिजायचा न्हाई.

शरदचंद्र : देवापुढं कशासाठी?

जयसिंग : आमच्यात रीत हाय, गुरुजी. घरात ज्या वस्तूवरनं भांडान लागलं, ती म्हसोबापुढं ठिवायची. भांडान मिटंस्तवर कुनी हात लावायचा न्हाई. माझ्या बापात आन् चुलत्यात पान्याच्या पाळीवरनं लागलं, तवा इंजिनाचं हँडल ठिवलं व्हतं. आख्खा हंगाम तितंच. ऊस वाळला पर कुनी उचललं न्हाई.

सायली : शंभू आहे ना तिथं. त्याला फोन करा, भिंतीवरून दोरीला बांधून देईल.

जयसिंग : शंभूनं न्हाई उचलायचा. ज्यानं ठिवला त्यानंच उचलायचा.

सायली : मग चला, जाऊ ओढ्यातून.

जयसिंग : ओढ्याला कमरंयेवढं पानी हाय. काल गेलो तवा गुडघ्याच्या खाली व्हतं. राती मुळशीच्या डोंगराला लई पाऊस झाला. आज-उद्या उतरायचं न्हाई.

सायली : म्हणजे?

शरदचंद्र : म्हणजे गेट.

जयसिंग : गेटातनं मी जानार न्हाई.

सायली : आप्पा.

जयसिंग : गावासमोर बोललोय मी! लोक तोंडावर थुकत्याल. चेअरमन गच्चीवरनं बगून हसंल. ‘आला का जयसिंग परवानगी मागाय?’

सायली : हसू दे. मला तिकडं दर वर्षी शिक्का मारून राहायला लागतं. रशियन पोलिसाला नाव सांगायचं, गाव सांगायचं, कशाला आलीस ते सांगायचं. माझी मान काय तुटली का? शिकायला गेले, म्हणून सांगते.

जयसिंग : ती दुसऱ्याची जमीन हाय. ही माझी हाय. आपल्या घरात शिराय परवानगी मागायची, ते दुखनं येगळं असतंय, पोरी. तुला न्हाई कळायचं.

सायली : कळतंय. म्हणून तर ओरडत नाहीये आता.

शरदचंद्र : जयसिंगराव, मी काही सांगत नाही. जेसीबी काढा म्हणत नाही, वहिवाट सोडा म्हणत नाही.

जयसिंग : काढनारच न्हाई. वहिवाट कागदावर येत न्हाई तवर जेसीबी तसूभर हलायचा न्हाई. आत्ताच सांगून ठिवतो.

शरदचंद्र : नका हलवू. मी फक्त एवढं म्हणतो, पाऊस थांबलाय. छत्री लागणार नाही.

(सोसायटीचं गेट. लोखंडी दांडा आडवा. पावसाचं पाणी अजून रस्त्यावरून वाहतं आहे.)

वॉचमन : काका, कुठल्या विंगला?

जयसिंग : विंगला न्हाई. पाठीमागं म्हसोबा हाय, तितं.

वॉचमन : मंदिर क्लबहाऊसला आहे. गणपतीचं. पण ते राहणाऱ्यांसाठीच.

जयसिंग : गनपती न्हवं रं! म्हसोबा. टावर नव्हती तवापासनं हाय. तू कवा लागलास कामाला?

वॉचमन : कालच. परभणीचा आहे मी. रागावू नका काका, मोबाईलमध्ये फ्लॅटचा नंबर टाकल्याशिवाय मला दांडा उचलता येत नाही.

सायली : दादा, आत आमची जमीन आहे. विहीर आहे. फ्लॅट नाही आमचा.

वॉचमन : असं होय. मग ‘इतर’मध्ये टाकतो. पण त्यालाही मालकाला फोन लावावा लागतो. ते हो म्हणाले की सोडतो. मालकाचा नंबर?

जयसिंग : मालकाचा?

वॉचमन : ज्यांची जागा आहे त्यांचा.

जयसिंग : चल सायले. घरी चल. हे असलं मी—

सायली : हा बघा दादा, माझ्या फोनवर आहे. यावरून टाका.

वॉचमन : हां. आणि आलेल्या पाहुण्याचं नाव?

सायली : आप्पा, नाव विचारताहेत.

जयसिंग : ... जयसिंग.

वॉचमन : बरं. रिंग जातेय.

सायली : आप्पा. तुमच्या खिशात वाजतोय.

जयसिंग : ऐकू येतंय मला.

सायली : उचला ना.

जयसिंग : हॅलो.

वॉचमन : हॅलो सर, मेन गेटवरून बोल... काका, हा तर तुमचाच—

जयसिंग : तू बोल. तुजं काम कर.

वॉचमन : ... सर, गेटवर जयसिंग म्हणून कुणी आलेत. सोबत मुलगी आहे. सोडू का आत?

जयसिंग : सोड बाबा. पोरीला लांब जायचंय.